हाताला तेल

फणस कापायचा तर आधी हाताला खोबरेल चोपडावं, म्हणजे चीक चिकटत नाही. माझ्या आईनं मला हे शिकवलं तेव्हा मी सात वर्षांची असेन, पाटणला. एवढीशी गोष्ट. या एवढ्याशा गोष्टीपायी मी जयपुरात एका बाईचं डोकं भादरलं. नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण आधी पुरतं ऐकून घ्या. अर्धवट ऐकून तोंड उघडणाऱ्यांची मला भारी चीड आहे.

मी सुलोचना. आमचे हे, हणमंतराव, फौजेत सुभेदार होते. शेवटची बदली जयपूरच्या छावणीत झाली आणि पेन्शनीत निघाल्यावर आम्ही इथंच राहिलो, कारण गावी भावाभावांत विस्तव जात नव्हता. राजा पार्कात एका सरदारजींच्या घरामागं दीड खोली मिळाली. ह्यांनी एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी धरली, मी टोंक रोडवरच्या एका कारखान्यात लागले. घरात बसून भिंती मोजणाऱ्यातली मी नव्हे.

कारखान्यात फौजेच्या गाड्यांचे लोखंडी ब्रॅकेट रंगवायचे, गंज चढू नये म्हणून. रंगवायचे म्हणजे ब्रशनं नाही. ब्रॅकेट आधी सोड्याच्या उकळत्या पाण्यात धुवायचा, मग फॉस्फेटच्या टाकीत बुडवायचा, तिथून तो राखाडी होऊन निघायचा. सुकला की हुकाला टांगून काळ्या रंगाच्या टाकीत सोडायचा आणि करंट द्यायचा. करंट दिला की रंग आपणहून लोखंडाला जाऊन चिकटतो, जिथं ब्रशचा केस पोचणार नाही अशा सांदीतसुद्धा. मग भट्टीत भाजला की झालं, वर्षानुवर्षं पावसात ठेवा, गंजायचं नाव नाही. अट एकच. फॉस्फेट ते रंगाची टाकी या मधल्या वाटेत लोखंडाला तेलाचं बोट लागता कामा नये. तेल लागलं की तिथं रंग धरत नाही, खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्यातून गंज आत शिरतो.

ही मधली वाट म्हणजे माझं टेबल. सुकलेला ब्रॅकेट उचलायचा, हुकाला टांगायचा, आणि टाकीवरून आलेले रंगानं बरबटलेले हुक धुऊन परत घ्यायचे. तो काळा रंग एकदा नखात शिरला की आठवडाभर भातात कालवलेलं वरणसुद्धा घाण वाटायचं. हातमोजे मिळाले होते, आठ दिवसांत फाटले, दुसरे कुणी आणून दिले नाहीत. तर असं ते टेबल. पण मी त्याची हेड होते, आणि मला त्याचा तोरा होता. का नसावा?

दोन वर्षं मी एकटी होते. मग विजयमाला आली.

ती फौजेत ह्यांच्याच कंपनीत नाईक असलेल्या देवरामची बायको. देवराम गाडीसकट दरीत गेला तेव्हा पोरगी सव्वीस वर्षांची होती, पदरात मूल नाही. सासर कोरेगावकडचं. तिथं दीर, आप्पासाहेब. त्याची नजर वाईट होती, हे मी ऐकीव सांगत नाही. तिनं स्वतः आम्हाला पत्रात लिहिलं होतं की माझ्या खोलीची कडी दोनदा तोडली, सासूबाई म्हणतात गप बस, घरातल्या घरात राहील. ती पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि ह्यांचे पाय धरून म्हणाली, "भावजी, धुणीभांडी करीन, काहीही करीन, पण मला परत धाडू नका." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू. मी तिला ती अर्धी खोली दिली. कारखान्यात चिकटवलं तेही मीच, माझ्या टेबलावर. सुलोचनानं काही केलं नाही असं कुणी म्हणू नये.

पण तिचे ते केस!

गुडघ्यापर्यंत. दाट, काळे, आणि तेलानं लखलखणारे. तिची आई, स्वतःच भावाच्या आश्रयाला राहणारी, साताऱ्याहून घाण्यावरच्या खोबरेलाचा डबा धाडायची, सुट्टीवरून परतणाऱ्या जवानांच्या हाती. जयपुरात सगळीकडं सरसोच्या तेलाचा वास, आणि आमच्या दारात मात्र खोबरेलाचा. रविवारी ती पायरीवर उन्हात बसायची, डबा शेजारी, आणि अर्धी वाटी तेल डोक्यात जिरवायची. एका रविवारी हे पेपर वाचत होते. पेपर खाली करून म्हणाले, "केस म्हणावेत तर हे." कुणाला उद्देशून नाही, आपलं असंच. आत मी माझी वेणी घालत होते. वेणी कसली, उंदराची शेपटी. ह्यांच्या मनात पाप नव्हतं, मला ठाऊक आहे. पण पंचवीस वर्षांत माझ्या कशालाच हे असं म्हणाले नव्हते. त्या दिवशी मी पोळ्या करपवल्या, मुद्दाम.

शहाऐंशी सालचा हिवाळा आला. जयपूरची थंडी कोरडी, ती कातडं फाडते. फॉस्फेटच्या पाण्यानं माझे हात आधीच सोललेले, त्यात थंडी. तळव्यांना अशा भेगा पडल्या की हुक धरला की रक्त यायचं. तेव्हा मला आईचा फणस आठवला. सकाळी निघताना विजयमालेच्या डब्यातलं तेल बोटभर घ्यायचं आणि हातांना चोळायचं. भेगा मऊ पडायच्या आणि तो मेला काळा रंगही चिकटायचा नाही. दुपारी जेवण झालं की सोबत नेलेल्या डबीतलं परत एकदा. विजयमाला तेल हाताला लावत नसे, तिचे हात नवे होते. "घ्या हो वहिनी, आईला सांगून जास्त मागवीन," ती म्हणायची.

आणि ब्रॅकेटांना खड्डे पडायला लागले.

आधी दहात एक, मग दहात चार. भट्टीतून निघालेला ब्रॅकेट पाहिला की अंगावर देवी उठलेलं पोर वाटायचं. टाकीवरचे भंवरजी कानाला हात लावून म्हणाले, "बहनजी, इन पर तो शीतला माता आई है. चाकसू जाकर ठंडा भोग चढाओ." सगळे हसले. मीही हसले. तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, देवाशपथ.

हसू चार दिवस टिकलं. मग फौजेचा तपासनीस आला आणि त्यानं अख्खा माल परत केला. प्लँटचे साहेब उमाकांत, आपले पुण्याचेच, गोरेपान आणि डोक्यावर चार केस. ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही नाही चढवला. त्यांनी रंगवाल्या कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं टाक्या तपासल्या, पाणी तपासलं, हुक नेणारी चेन तपासली आणि शेवटी आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, फॉस्फेटपर्यंत सगळं साफ आहे, तेल या टेबलावर लागतंय.

उमाकांत साहेबांनी टांगलेला एक हुक काढला आणि नाकाशी नेला. डोळे मिटून वास घेतला. मग मराठीत बोलले, आम्हा दोघींनाच कळावं म्हणून.

"हे खोबरेल आहे. इथली माणसं सरसोचं लावतात. हे आपल्याकडचं तेल आहे, आणि या टेबलावर आपल्याकडच्या तुम्ही दोघीच आहात. जिच्यामुळं होतंय ती आजच्या आज घरी जाईल. कोण?"

तिथं मला कळलं. माझे हात पदराखाली होते, आणि ते मला तेलकट लागत होते.

आता तुम्ही म्हणाल, बोलायचं होतं. काय बोलायचं होतं? की साहेब, दोन वर्षांची हेड मी, आणि माल मी नासवला? त्या भंवरजीसमोर? घरी जाऊन ह्यांना सांगायचं, मला हाकललं? मी भ्याले. बरं, नुसती भ्याले असते तर गप्प राहिले असते. पण माझं तोंड!

"साहेब," मी म्हटलं, "हिच्या डोक्यात अर्धी वाटी तेल असतं रोज. वाकली की शेपटा मालावर लोळतो."

विजयमालेनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रस्ता चुकलेलं माणूस पाटी वाचतं तसं पाहिलं. मग ती साहेबांच्या पाया पडायला वाकली. "साहेब, घालवू नका. मला तिकडं जायचं नाही. मी तेल सोडते. आजपासून थेंब लावणार नाही."

साहेबांनी पाय मागं घेतले. "चार दिवस," ते म्हणाले. "शनिवारी माल बघीन."

त्या संध्याकाळी तिनं केस धुतले. रिठ्यानं धुतले, मग कपड्यांच्या साबणानं, आणि तरी वास जाईना म्हणून कारखान्यातल्या सोड्याची पुडी आणली होती त्यानं. टाळू लाल झाली, मानेवर फोड आले. दुसऱ्या दिवशी केस घट्ट बांधून त्यावर दोन फडकी गुंडाळून ती कामावर आली. मान हलवायला भीत होती बिचारी.

आणि मी? मी सकाळी डबा उघडला, बोटभर तेल घेतलं आणि हातांना चोळलं.

हीच खरी गोष्ट आहे, बाकीचं सगळं गेलं चुलीत. त्या चार दिवसांत मी तेल सोडलं असतं तर खड्डे थांबले असते, साहेब म्हणाले असते केस धुतले आणि काम झालं, आणि कुणाचं काही गेलं नसतं. तिचं काम राहिलं असतं, माझी अब्रू राहिली असती. मला हे कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पहिल्या दिवशी मी मनाला सांगितलं, कुणी सांगावं, खरंच केसच असतील, बघू तरी. दुसऱ्या दिवशी तसंही सांगितलं नाही. चारही दिवस लावलं, दुपारचंसुद्धा. मला ते केस जायला हवे होते. बस्स.

शनिवारी साहेबांनी टेबलावर बारा ब्रॅकेट मांडले. बारांतले सात फोडांनी भरलेले.

"धुऊन भागत नाही," साहेब म्हणाले. "तेल मुळात बसलंय, वर्षानुवर्षांचं. विजयमालाबाई, दोन रस्ते आहेत. घरी जा, नाहीतर केस काढा. टोपी नीट बसेल इतके बारीक."

तिच्या वतीनं बोललं कोण तर भंवरजी. परक्या मुलखातला माणूस, पण तो पुढं झाला. "साहब, विधवा है. उसके बाल उतरवाओगे? पाप लगेगा."

साहेबांनी चष्मा पुसला. माझ्याकडं बघून हसले, आपल्या माणसाकडं बघून हसावं तसे. "सुलोचनाबाई, समजवा यांना. हे काही केशवपन नाही. हे क्वालिटी कंट्रोल आहे."

आणि मी मान डोलावली.

रविवारी सकाळी ती स्वतःच कात्री घेऊन आली. "वहिनी, न्हाव्यासमोर नाही बसवत. तुम्हीच कापा." मी म्हटलं, "माले, विचार कर." तोंडदेखलं म्हटलं, तिलाही ते कळलं असावं. ती म्हणाली, "विचार केला. केस गेले तर इथं राहते. केस राहिले तर तिकडं जाते, आणि तिकडं केसांबरोबर सगळंच जातं."

त्याच पायरीवर बसली, त्याच उन्हात. हे दारात आले, पाहिलं, चपला घातल्या आणि गेले. जाताना मला म्हणाले, "तू हे करू नकोस, सुलोचना." एवढंच. थांबून माझा हात धरला असता तर मी थांबले असते की नाही, देव जाणे. धरला नाही. पुरुषांना वाईट वाटून घेण्यापलीकडं काय येतं?

वेणी जाड होती. कात्री एका दमात चालेना, करकर करत राहिली. मी दात-ओठ खाऊन दाबली आणि वेणी माझ्या हातात आली. किती जड होती ती! मग मी उरलेले कापले, मुळापासून. मानेवरचे सोड्याचे फोड मला दिसत होते. ती हलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "ह्यांना आवडायचे," आणि ह्यांना म्हणजे देवरामला, हे मला कळायला क्षणभर लागला. त्या क्षणभरात माझा हात चुकला आणि कानामागं कात्री लागली. रक्त आलं. मी पदरानं पुसलं आणि तिला जवळ घेतलं आणि रडले. खरी रडले. तुम्हाला पटत नसेल तर नका पटवून घेऊ, पण मी खरी रडले, आणि रडतानाही आत कुठंतरी थंड वाटत होतं.

सोमवारी मी तेल लावलं नाही.

आता लावायचं कारण उरलं नव्हतं. कोरड्या हातांनी हुक धरले, भेगा उघडल्या, रक्त आलं तर फडकं बांधलं. दुपारी भट्टीतून माल निघाला. एक डाग नाही. काळेभोर, गुळगुळीत, तोंड दिसावं असे ब्रॅकेट. मंगळवारी तसेच. बुधवारी तपासनीस येऊन शिक्का मारून गेला.

उमाकांत साहेबांनी सगळ्यांना टाकीपाशी गोळा केलं. विजयमालेला पुढं बोलावलं आणि टोपी काढायला सांगितली. खुंट उगवलेलं डोकं, कानामागं खपली. "बघा," साहेब हिंदीत म्हणाले, "एका माणसाच्या सवयीनं किती नुकसान होतं. यांनी सवय सोडली, माल सुधारला. टाळ्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भंवरजींनी नाही वाजवल्या, ते टाकीत बघत राहिले. मग साहेब म्हणाले, "आणि हे सुलोचनाबाईंच्या लक्षात आलं. आपलं माणूस असूनही त्यांनी लपवलं नाही." परत टाळ्या. विजयमालाही वाजवत होती.

मला वाटलं, सुटले. तिची नोकरी राहिली, माझी राहिली. केस काय, गवत आहे, परत येईल. असं मी मनाला आठवडाभर सांगत होते.

पुढच्या शनिवारी दुपारी सुट्टी लवकर झाली. मी पायरीवर बसले होते, हात मांडीवर उताणे टाकून, कारण मूठ मिटवत नव्हती. विजयमाला आतून आली. डोक्याला पदर, हातात खोबरेलाचा डबा. थंडीनं तेल गोठलं होतं, तिनं डबा उन्हात ठेवला आणि शेजारी बसली.

"हा तुम्हाला घ्या, वहिनी. मला आता काय करायचाय."

"ठेव गं," मी म्हटलं. "केस येतील."

"येतील. मग मी तेल लावीन. आणि तेव्हा परत खड्डे पडले तर काय कापायचं?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती डब्याकडं पाहत होती, तेल कडेनं वितळायला लागलं होतं.

"डब्यात तेलाची रेघ कुठं आहे ते मी रोज बघायची," ती म्हणाली. "मी तेल सोडलं त्या चार दिवसांतही तेल खाली जात होतं. सोमवारपासून जायचं थांबलं. त्याच दिवशी खड्डेही थांबले."

मी म्हटलं, "चार दिवसांतच कळलं होतं तुला? मग साहेबांना सांगितलं का नाहीस? केस तरी वाचले असते."

"आणि तुम्हाला हाकललं असतं. मग तुम्ही मला या खोलीत ठेवलं असतं? नसतं ठेवलं. मी तुम्हाला ओळखते, वहिनी. छप्पर तुमचं. केस माझे होते, ते देता आले."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दोन्ही केलं नाही.

तिनं माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. बोटावर तेल घेतलं आणि एकेका भेगेत हळूहळू भरू लागली, लहान पोराला लावावं तसं. मी हात काढून घ्यायला गेले तर तिनं मनगट धरून ठेवलं. चांगलं घट्ट धरलं. उजवा झाल्यावर डावा घेतला.

"आज लावलं तर चालतं," ती म्हणाली. "उद्या रविवार आहे. सोमवारी निघायच्या आधी राखेनं दोनदा हात धुवा. आणि मला दाखवा."

तेव्हापासून दर सोमवारी मी दोन्ही हात तिच्यापुढं धरते. ती ते उलटेपालटे करून बघते, नाकाशी नेऊन वास घेते, आणि मग म्हणते, "चला."